मोगरी ज्याच्या हातात

मोगरी खाली येत होती आणि तो ओरडत होता, "बोलू द्या त्याला! बारी त्याची हाय!"

घाव गणिताच्या सरांसाठी होता. हा ओरडणारा मध्ये शिरला म्हणून त्याच्या कानशिलावर बसला. दुसऱ्या घावाला त्यानं हात आडवा धरला, तर मनगट मोडलं. तो आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. रक्त फादरांच्या पांढऱ्या झग्यावर उडालं. सर खिडकीकडं पळाले, पण खिडकीला गज होते. गज धरून ते रडायला लागले.

मोगरी माझ्या रोजच्या कामातली होती. बाभळीच्या लाकडाची, चांगली जड. मी त्या शाळेत झाडू मारायची, पाणी भरायची आणि झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा त्या मोगरीनं बडवून घंटा द्यायची. चौथी शिकलेल्या बाईला यापेक्षा बरं काम कोण देणार होतं?

मार खाल्ला त्याला सगळे चाचा म्हणायचे. शहागंजात भाजीचा लिलाव पुकारायचा. असे लोक तुम्ही पाहिले असतील, घरात बोलले तरी गल्लीला ऐकू जातं. हा तसाच. उंच, पोट सुटलेलं, खांद्यावर कायम पंचा. तरुणपणी लई मारामाऱ्या केलेला. बाजारातल्या एका हमालाचे पुढचे दात त्यानं पाडले होते. त्या हमालाला तो रोज सकाळी चहा आणि पाव द्यायचा. मी एकदा विचारलं, "चाचा, हा तुमचा कोण?" तर म्हणाला, "कोई नहीं, बाई. भाकरी चावत नाय त्याला. माझ्यामुळं."

शाळा कॅथलिक लोकांची. पोरं सगळ्या जातीची, पण शाळेच्या समितीत चर्चमधलीच माणसं बसायची. मग फादरांनी ठरवलं की आता पालकही घ्यायचे. पहिल्या बैठकीला चाचा आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. फादर म्हणाले, "आत या ना." हा म्हणाला, "पोरगी माझी, शाळा तुमची. मग मी बसू कुठं ते सांगा." फादर हसले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची त्याला दिली. हा खरंच बसला. फादर बैठकभर उभे.

त्याच बैठकीत दोन बाप एकमेकांच्या गळपट्टीला भिडले. एकाला शाळेत मराठी जास्त पाहिजे होती, दुसऱ्याला इंग्रजी. सदऱ्यांची बटणं तुटून जमिनीवर पडली. चाचानं माझ्या हातातली मोगरी ओढली आणि टेबलावर अशी हाणली की शाईची दौत उडाली.

"बारी बारीनं!" तो म्हणाला. "जिसके हाथ में मोगरी, वही बोलेगा. बाकी सगळे मुके."

तेव्हापासून तोच कायदा झाला. मोगरी हातोहात फिरायची. बोलणं संपलं की चाचा पुकारायचा, "एक बार, दो बार, तीन बार! झालं!" समितीतल्या सिस्टरला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, "चाचा, ही वांगी नाहीत." हा म्हणायचा, "वांगी असती तर आतापर्यंत विकली असती, सिस्टर."

हसू नका. त्या मोगरीनं कामं झाली. चाचा गल्लीत फिरून आयांना घेऊन यायचा. "भाभी, चलो, घडीभर." बुरख्यातल्या यायच्या, डोक्यावर पदर घेतलेल्या यायच्या आणि भिंतीला टेकून गप बसायच्या. एकदा मोगरी एका बाईच्या मांडीवर आली. तिनं कधी चारचौघात तोंड उघडलं नव्हतं. तिचा नवरा शेजारून म्हणाला, "तिला काय कळतं? द्या पुढं." चाचा नवऱ्यावर खेकसला, "मोगरी तुझ्याकडं हाय का? नाय ना? मग गप." बाईनं मोगरी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग म्हणाली, "पोरींच्या मुतारीला दार नाय."

दार लागलं. मी तिथं रोज झाडत होते, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

आता सरांचं सांगते. ते मारायचे. तेव्हा सगळेच मारायचे, पण हे दात ओठ खाऊन मारायचे. पाचवीतल्या एका पोरीला त्यांनी पाढा चुकला म्हणून कानाखाली वाजवली. कानातून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटला. पोरीचा बाप पाचोडकडचा, चिकलठाण्याला कंपनीत कामाला. तो भाऊबंद घेऊन शाळेवर चालून आला. फाटकावर चाचानं त्यांना अडवलं. "मारायचंय ना? मारा. पण उद्या दुसरा सर दुसऱ्या पोरीला मारंल. समितीत बोल. सरांना समोर बसवतो." बाप कसाबसा तयार झाला.

फादर घाबरले होते. ते चाचाला माझ्यासमोर म्हणाले, "बैठकीत भांडण झालं तर मी समिती बंद करीन. पालक परत आत येणार नाहीत." त्यामुळं बैठकीच्या दिवशी चाचा नवा सदरा घालून आला होता. सारखा घाम पुसत होता.

मोगरी बापाकडं द्यायची वेळ आली तेव्हा सिस्टर म्हणाली, "आज याला देऊ नका, तसंच बोलू द्या." मलाही तेच वाटत होतं. चाचा म्हणाला, "आजच नाय दिली, तर मग कायदा कसला?" आणि त्यानं स्वतः उठून मोगरी बापाच्या हातात दिली. बाप उठला आणि थेट सरांवर गेला.

पुढचं तुम्हाला सांगितलंच.

दोन घावांनंतर चाचा भिंतीला धरून खाली बसला. एक डोळा रक्तानं बंद झाला होता. कुणीतरी बापाला मागून मिठी मारली. चाचा म्हणाला, "सोडा त्याला. मारून झालं ना तुझं? आता बोल. अजून बारी तुझीच हाय."

 बाप म्हणाला, "त्या कानाच्या बाजूनं हाक मारली तर पोरगी बघतच नाय माझ्याकडं."

 चाचानं मान वळवून सरांकडं बघितलं. "सर, आता तुमची बारी."

सरांनी गज सोडले, खाली बसले आणि हात जोडले. "पुन्हा हात उचलणार नाही," म्हणाले. चाचा पुकारायला लागला, "एक बार, दो बार..." आणि तिथंच ओकला.

बापानंच त्याला उचलून रिक्षात घातलं. मी त्याच्याच पंच्यानं डोकं दाबून धरलं होतं. सरकारी दवाखान्यापर्यंत चाचा घोरल्यासारखा श्वास घेत होता. मग तो श्वासही थांबला.

फादरांनी समिती बंद केली नाही. पुढच्या बैठकीला आया न बोलावता आल्या आणि शाळेत कुणी कुणावर हात उचलायचा नाही, असा ठराव त्यांनी करून घेतला. मोगरी पोलिसांनी नेली होती. घंटेसाठी मला लोखंडी दांडा मिळाला.

चाचा मेला. पोरीचा बाप सजा भोगून पाचोडला परत गेला. पोरगी आता दोन लेकरांची आई आहे, एका कानानं ऐकते. सर जगले, म्हातारे झाले.