हायड्रोजनचा आवाज

मे महिन्याच्या सुट्टीतही मी शाळेच्या प्रयोगशाळेत जातो. बाटल्या पुसायला, असं सांगतो. खरं म्हणजे घरी बोलायला कुणी नाही. काल पाण्यात बॅटरीच्या तारा सोडल्या, नळीत हायड्रोजन जमवला आणि रिकाम्या बाकांना ऐटीत बजावलं, "घाबरायचं नाही हं!" पेटती काडी धरताच फट् वाजलं. कुणी किंचाळलं नाही. विजेने तोडलेलं पाणी एका ठिणगीसरशी पुन्हा पाणी झालं. माणसांना इतकं सोपं नसतं.

शाळेतल्या शिपाई सुमनमावशी धावत आल्या. "सर, काय फोडलंत?"

"पाणी!"

"काहीतरीच तुमचं." त्या पहिल्या बाकावर बसल्या. "पुन्हा फोडा बघू."

"बुडबुडे जमायला वेळ लागेल, मावशी."

"जमू देत की. माझी तरी घरी कोण वाट बघतंय?"