ठिपक्यांआडचे आंबे

सकाळच्या उन्हाची तिरीप लॅपटॉपच्या काचेवर पडते, वीजबिलाचं पान उघडतं, आणि रिकाम्या चौकटीत काळे ठिपके आपले आपण येऊन बसतात. अंगणात वाळत घातलेल्या मिऱ्यांसारखे, गोल आणि गप्प. त्यांच्या वर माझ्या पत्नीचं नाव असतं. तिला जाऊन वर्ष उलटलं, पण ब्राउझरला हे कोण सांगणार? त्याच्या लेखी या घरची मालकीण अजून तीच आहे, आणि तिच्या शब्दाखातर तो मलाही आत सोडतो.

रत्नागिरीतल्या या घराला बोलतं ठेवायची ती. आता मुलगी रविवारी फोन करते, कोळीण फाटकाशी थांबून "आज काय घेताव?" विचारते, आणि उरलेला दिवस माझा मी ढकलतो. एकटेपणाची सवय होते म्हणतात. मला काही ती झाली नाही.

मध्यंतरी लॅपटॉपनेही मान टाकायला सुरुवात केली. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, ह्यो आता काय टिकनार नाय. पासवर्ड तेवढे बगून ठेवा." म्हणून मी जतन केलेल्या पासवर्डांचं पान उघडलं. प्रत्येक ओळीशी एक चिमुकला डोळा होता. त्याच्यावर बोट ठेवलं की ठिपके सरून अक्षरं दिसायची. खरं सांगू? असा गुप्त शब्द योजताना माणसाच्या मनात आधी कोण येतं? जिवाचं माणूसच ना? माझ्या साऱ्या कुलपांना तिचंच नाव होतं. तिच्या कुलपांत मी असेन, अशी या वयातही मला वेडी आशा होती.

वीजबिलाच्या ठिपक्यांतून निघाला खोबऱ्या. गॅसच्या ठिपक्यांतून शेपू, रेल्वेच्या तिकिटांतून गोटी. इंग्रजी अक्षरांत मांडलेली ही तिच्या माहेरच्या, सावर्ड्याच्या परसातल्या रायवळ आंब्यांची नावं! हापूसच्या कलमांना कोणी वेगळी नावं देत नाही, ती सगळी एका चवीची. पण रायवळाचं प्रत्येक झाड निराळं, म्हणून घरातल्या माणसासारखं त्याचं बारसं होतं. दर उन्हाळ्यात या झाडांचे आंबे आमच्याकडे करंडीने यायचे, तेव्हा नावं ओळखीचीच होती. माझं नाव मात्र कुठेच नव्हतं. हसू आलं, आणि मागोमाग रुसवाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी एका शेपूच्याही तोडीचा ठरलो नाही?

शेवटी तिच्या ईमेलचे ठिपके उघडले. तिथे होता 'पाव्हणा'. या नावाचा आंबा मी कधी खाल्ला नव्हता. कोण हा पाहुणा? न राहवून तिच्या धाकट्या भावाला सावर्ड्याला फोन लावला.

तो मोठ्याने हसला. "भावोजी, इसरलात काय? तुम्ही ताईला बगायला आलेलात, तेव्हा आंबा चोखून बाठा मागल्या परसात टाकलात. तो तितंच रुजला. ताई त्याला पाव्हणाच म्हनायची. कोनाला तोडू देत नव्हती." मग म्हणाला, "हायवे रुंद झाला तेव्हा गेला तो. आंबा काय कदी धरला नाय त्याने."

त्या झाडाच्या सावलीत जावईबापू म्हणून खाट टाकून मी कितीदा घोरलो असेन! तिने एका शब्दाने कधी सांगितलं नाही. विचारायला हवं होतं, असंही मला कधी वाटलं नाही. फोन ठेवला आणि मी पोटभर रडलो.

आता नवा लॅपटॉप आला आहे. ही नावं इतक्या मोकळेपणी सांगतोय, कारण बाकीचे पासवर्ड मुलीने बदलून दिले. ईमेलचा राहू दिला आहे. त्या पेटीत आता चोराने न्यावं असं काही नाही. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा ब्राउझरने अदबीने विचारलं, हा पासवर्ड जतन करू का? मी 'कधीही नको' दाबलं. आता तिच्या नावाखालची चौकट रोज रिकामी असते. सकाळचं ऊन काचेवर आलं की मी एकेक अक्षर दाबतो, आणि माझ्या बोटाखाली एकेक मिरी उमटत जाते.