पाण्याचा वाटा

पार्वताबाई तिवश्याची. तिच्या माहेरच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की वाटसरू मुद्दाम वाट वाकडी करून प्यायला यायचे. लग्न होऊन ती दर्यापूरकडच्या खेड्यात आली. पहिल्याच दिवशी तिनं तांब्या तोंडाला लावला आणि तिला वाटलं, नव्या सुनेची गंमत करायला कोणीतरी यात मीठ टाकलंय. पण ती गंमत नव्हती. त्या काळ्या जमिनीच्या पोटातच खार होता. गावातल्या सगळ्या विहिरी खारट, त्यात डाळ शिजायची नाही की जीव निवायचा नाही. पिण्याच्या पाण्यासाठी बायका चंद्रभागेच्या वाळूत झिरे उकरायच्या आणि वाटी वाटी पाणी हंड्यात भरत बसायच्या.

त्या बसण्यात पार्वताबाईला एक सवय लागली. झिऱ्यात पाणी हळूहळू वर येत असायचं, तेव्हा ती डोळे मिटायची. मग तिला गावाच्या माथ्यावर एक तळं दिसायचं, आभाळाएवढं शांत, काठावर गाई उभ्या आणि पाण्यात त्यांच्या सावल्या. डोळे उघडले की वाटीत पुन्हा थोडंसं पाणी जमलेलं असायचं. हे ती एकदा नवऱ्याला, सूर्यभानला, सांगून बसली. तो कमी बोलणारा माणूस. हसला नाही. "मोठं हाये का तयं?" एवढंच त्यानं विचारलं.

पुढं कापसाचे दिवस आले. दूर समुद्रापलीकडं कुठं लढाई जुंपली होती आणि तिथला कापूस विलायतेला पोचत नव्हता, असं अकोल्याहून आलेले लोक सांगायचे. लढाई कोणाची, कशासाठी, हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पण वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलानं जायला लागला हे सगळ्यांना दिसत होतं. ज्वारीच्या वावरात कपाशी उभी राहिली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. गाड्यांच्या रांगा अमरावतीच्या रस्त्यानं अशा चालायच्या की दुरून पाहणाऱ्याला जमिनीवरून एक पांढरा ढग सरकतोय असं वाटायचं.

सूर्यभानचा थोरला भाऊ नत्थुजी हा घरातला कर्ता. त्याच्या मनात आलं, सरकीसकट कापूस विकण्यापेक्षा सरकी काढून स्वच्छ रुई विकावी. चंद्रभान नावाचा गाडीवान त्यांचा मित्र होता, त्याच्या स्वतःच्या गाड्या होत्या. तिघांनी मिळून गावाबाहेर मोठं छप्पर घालायचं, त्यात सरकी वेगळी करणाऱ्या, हातानं फिरवायच्या चरख्या मांडायच्या आणि नफा सारखा वाटून घ्यायचा, असं ठरत होतं. तिघं ओसरीवर बसले होते. पार्वताबाई दाराआड उभी होती. भासऱ्यांसमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, बोलायची रीत नव्हती, म्हणून ती नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आयकलं का? चार वाटे करा म्हना."

"चौथा कोनाचा?" नत्थुजीनं दाराकडं न बघताच विचारलं.

"पान्याचा."

चंद्रभान मोठ्यानं हसला. "पानी काय चरखी फिरवीन का?"

"चरखी फिरवनाऱ्या बाया सकायपासून झिऱ्यावर बसल्या तं चरखी कोन फिरवीन?" आतून उत्तर आलं. "पान्याच्या वाट्यातून तयं खंदा. सारं गाव पीन. बाया येळेवर कामाले येतीन."

मग नत्थुजी म्हणाला, "वाटेकरी म्हटला तं बैठकीत त्याले बोला लागते. पान्याच्या वतीनं बोलनार कोन?"

आता सूर्यभाननं तोंड उघडलं. "ते बोलीन," तो दाराकडं हात करून म्हणाला.

असा तो धंदा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर तिघांनी हातात रुई घेऊन शब्द दिला, आणि चौथ्याच्या वतीनं पार्वताबाईनं. त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. एरवी नत्थुजी समोर आला की ती पदर पुढं ओढायची, पण पाण्याच्या वतीनं बोलायचं असलं की तोच पदर कपाळावरून मागं जायचा, आणि नत्थुजीही खाली न बघता तिचं ऐकायचा.

चरखीघरातले ते दिवस गावातल्या म्हाताऱ्या बायका पुढं कितीतरी वर्षं आठवत राहिल्या. उन्हाचे पट्टे कुडातून आत यायचे आणि त्यांत रुईचे तंतू तरंगत राहायचे, खाली पडायची घाईच नसल्यासारखे. चरख्यांचा कुरकुर आवाज एका लयीत चालायचा. वाशांना बांधलेल्या झोळ्यांत तान्ही मुलं त्या आवाजानं गाढ झोपायची. बायकांच्या भुवया, केस, पापण्या पांढऱ्या व्हायच्या, आणि संध्याकाळी त्या घरी निघाल्या की सगळ्या एकाच वयाच्या दिसायच्या. सरकी ज्याची त्याला परत मिळायची, पेरायला आणि गाईला घालायला. रुईत माती किंवा पाणी मिसळायचं नाही, हा नियम नत्थुजीनंच केला होता.

तळं मात्र पहिल्या खेपेला फसलं. हौसेनं खोल खणलं आणि तळातून खारट पाणी पाझरलं. वरून पडलेलं पावसाचं पाणीही त्यात मिसळून नासलं. चंद्रभान काठावर उभा राहून म्हणाला, "बाई, तुमच्या वाटेकऱ्याचं दिवायं निंघालं."

कितीतरी दिवस पार्वताबाई त्या खड्ड्याच्या काठाशी जाऊन बसायची. एकदा घरी धान्याची कणगी लिंपताना तिचा हात थांबला. ओल बाहेरून आत येऊ नये म्हणून कणगी लिंपतात, तशी जमीन का लिंपू नये? तिनं बैठकीत मागणी केली. खड्डा अर्धा बुजवा, उथळ करा आणि तळाशी चिकणमातीचा जाड थर द्या. चंद्रभाननं गाड्या दिल्या. माती आली, भिजली, आणि मग बैल फिरवून ती तुडवायची होती. बैलांच्या मागोमाग चरखीघरातल्या बायकाही लुगडी खोचून उतरल्या. अंगावर रुई तशीच होती. ऊन उतरेपर्यंत त्या हात धरून गोल गोल चिखल तुडवत राहिल्या. कोणी गाऊ लागली, कोणी हसत पडली. काठावरून बघणाऱ्या सूर्यभानला वाटलं, ढगच खाली उतरून नाचतायत.

पुढच्या दिवाळीला त्या तळ्यातलं पाणी चाखायला सगळं गाव काठावर जमलं. पहिली ओंजळ नत्थुजीनं घेतली. ती पिऊन त्यानं दुसरी भरली आणि मग म्हणाला, "गोड हाये."

भाव अजून चढते असतानाच अकोल्याचा व्यापारी गोवर्धनशेठ आला. त्यानं रुई हातात घेऊन पाहिली, वाखाणली, आणि गाठी बांधायच्या आधी तिच्यावर पाण्याचा हबका मारा म्हणाला. सगळेच मारतात, वजन वाढतं, मुंबईला पोचेपर्यंत कोणाला कळतं! चंद्रभानचं मन डळमळलं. त्यानं पार्वताबाईला विचारलं, "तुमचं काय म्हननं हाये?"

"पान्याले मी इचारलं," ती म्हणाली. "ते म्हनते, मी प्याले हावो, फसवाले नाई."

शेठ हसत उठला आणि बरीच वर्षं परत फिरकला नाही. चंद्रभान त्या वर्षी फार चिडला होता. पण लवकरच ती दूरची लढाई संपली आणि कापसाचा भाव असा खाली आला की बाजारात ओल्या गाठींना कोणी हात लावेना. कोरड्या रुईमुळं यांचं चरखीघर तगलं खरं, पण जेमतेम. निम्म्या चरख्या झाकून ठेवाव्या लागल्या. झोळ्या कमी झाल्या.

मग आगगाडी अकोल्याला आली आणि तिच्यामागून वाफेवर चालणारे सरकी काढायचे कारखाने, म्हणजे जिन, आले. असंच एक जिन घालायचा बेत घेऊन गोवर्धनशेठ पुन्हा गावात उभा राहिला. या वेळी त्याला रुई नको होती, त्याला तळं हवं होतं. खाऱ्या पाण्यानं बॉयलरच्या पोटात खपली धरते, आणि पंचक्रोशीत गोडं पाणी फक्त इथंच.

"तळं विकत देऊन टाका," तो म्हणाला. "तुमचा मोडलेला धंदाही वर येईल."

नत्थुजी आणि चंद्रभाननं एकमेकांकडं पाहिलं. मोह मोठा होता. नत्थुजी थकल्या आवाजात म्हणाला, "बाई, बोला."

पार्वताबाईनं पदर मागं सारला. "वाटेकरी इकता येत नाई, शेठजी. पन वाटेकरी कामाले जाऊ शकते. त्याच्या अटी आयका. नफ्यातला त्याचा वाटा दरसाल द्या. काठाशी खुनेचा गोटा गाडू. पानी गोट्याच्या खाली गेलं का तुमची मशीन बंद. आंदी गाव पीन, जनावरं पितीन, मंग मशीन. जाळाले काठच्या बाभयी तोडाच्या नाई, कपाशीची वाळेल पऱ्हाटी घ्या, वावरावावरात पडेल हाये. आन आमच्या चरखीघरातल्या बायांले तुमच्या जिनात काम द्या."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तं खारं पानी भरपूर हाये."

शेठनं काठाशी वाकून पाणी चाखून पाहिलं. बगळे एका पायावर उभे होते, त्यांची झोप मोडली नव्हती. शेवटी त्यानं होकाराची मान हलवली. तो भारी बॉयलर अकोल्याहून ओढून आणला तो चंद्रभानच्याच बैलांनी.

जिन चाललं. हातचरख्यांचं छप्पर पुढं पडलं, पण बायका जिनात गेल्या, आणि तळ्याचा वाटा आता शेठकडून येऊ लागला. त्यातून पाळ उंच झाली, गुरांसाठी उतार बांधला, काठावर कडुनिंब लागले.

पार्वताबाई पुढं आजारी पडली. नत्थुजी, आता चांगलाच म्हातारा, अंथरुणाशी येऊन बसला आणि म्हणाला, "तुमच्या मांगं पान्याच्या वतीनं कोन बोलीन?"

तिनं शकुनचं नाव घेतलं. शकुन जिनात रुई वेचणारी बाई होती, इतकी बुजरी की कोणी हाक मारली तरी दचकायची. नत्थुजीनं कारण विचारलं. "ते आयकते," पार्वताबाई म्हणाली. "बोलनं येईन."

त्या उन्हाळ्यात पार्वताबाई गेली. थोड्याच दिवसांत पाणी गोट्याच्या खाली उतरलं. शकुन काठावर उभी राहिली, खाली वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग ती जिनाच्या दारात गेली. आत पट्टे फिरत होते, रुई उडत होती, आणि गोवर्धनशेठ गाठी मोजून घेत होता. तिचा आवाज पहिल्यांदा कोणाला ऐकूच आला नाही. तिनं पदर मागं सारला आणि पुन्हा सांगितलं.

"पानी म्हनते, आता थांबा."

शेठनं तिच्याकडं पाहिलं, मग मिस्त्रीकडं पाहून हात वर केला. वाफ सुस्कारा टाकत बाहेर गेली. चाकं मंदावली, मग थांबली. शकुन तिथंच उभी राहिली. आपणच हे थांबवलं यावर तिचा विश्वास बसत नव्हता. जिनातल्या बाया एक एक करून उठल्या, रुई झटकली आणि हंडे घेऊन तिच्या सोबतीनं तळ्याकडं निघाल्या.