भोक नसलेलं कातडं

माझा धाकटा दीर हिल्मर फार सोशिक माणूस. बायकोच्या गालाचं दुखणं त्याने सहा हिवाळे निमूटपणे सोसलं.

आर्डिस, त्याची बायको, माझी जाऊ, आमच्या भागात टपाल वाटते. रोज सत्तर मैल. गाडीची उजवी खिडकी उघडी ठेवून, वाकून, एकेका पेटीत पत्रं टाकायची. नॉर्थ डकोटाच्या जानेवारीत! दोनदा तिचा उजवा गाल गोठून काळा पडला. यंदा डॉक्टरांनी सांगितलं, "तिसऱ्यांदा गोठला तर ती कातडी परत येणार नाही. टोपीला कायोटीची फर लावून घ्या." लांब केसांच्या फरीवर श्वास गोठला तरी हाताने झटकता येतो. आणि कायोटींची, म्हणजे इथल्या रानकोल्ह्यांची, ददात नाही. आमच्या कुरणात आमच्यापेक्षा तेच जास्त.

मग अडलं कुठे? हिल्मरच्या शब्दावर. लग्नाच्या वर्षीच त्याने जाहीर केलं होतं, बायकोच्या टोपीला फर लागेल ती त्याने मारलेल्या कायोटीची, आणि त्या कातड्याला बाहेर पडलेल्या गोळीचं भोक नसेल.

"अरे, पट्टी लागते चार बोटं," मी पहिल्याच हिवाळ्यात म्हटलं होतं. "भोक चुकवून कापते की मी."

"वहिनी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. भोकाचं कातडं बायकोच्या तोंडाभोवती? लोक म्हणतील, याला गोळी निवडता येत नाही."

तत्त्व उबदार असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात मऊ टोकाची पंचावन्न ग्रेन वजनाची गोळी. आत जाताना वाटाण्याएवढी, बाहेर पडताना माझ्या कॉफीच्या कपाएवढी. पुढच्या वर्षी पूर्ण तांब्याच्या कवचाची. भोक पेन्सिलीएवढं पडलं, गोळी आरपार गेली आणि कायोटीही आरपार गेला, थेट कॅनडात. त्या मुक्या जिवासाठी मी आठवडाभर प्रार्थना केली. हिल्मरने सीमेपलीकडच्या लोकांना नावं ठेवली. मग जड गोळी, मग हलकी गोळी. हलकी खांद्याच्या हाडावर बसली आणि वरच्यावर फुटली, ताटलीएवढा खड्डा. दरवर्षी एक नवा सिद्धांत, दरवर्षी एक चाळणी. चाळण्या मी शिवायच्या आणि त्याने त्या विकून नवी काडतुसं आणायची. आर्डिसने तोंडाला लोकरी मफलर गुंडाळायचा.

यंदा सतरा कॅलिबरची रायफल आली. पंचवीस ग्रेनची, पोकळ टोकाची गोळी. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेचं भांडं बाजूला सारून हिल्मर काडतुसांत भरायची दारू तोलत बसे. चिमटीने एकेक कण.

"हिचं कसं आहे, वहिनी, अतिवेगाने आत शिरते आणि आतच चूर होते. बाहेर पडायला उरतच नाही. फक्त खांदा चुकवायचा, फासळ्यांत मारायची."

"सभेत बोलणाऱ्या काही माणसांना ही युक्ती शिकव," आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी हिल्मर दारातूनच ओरडला, "वहिनी! शोधा!"

"काय शोधू?"

"भोक!"

खरंच सापडेना. फासळ्यांवर केस फुंकरून पाहिले तेव्हा मोहरीएवढा एक ठिपका दिसला. दुसऱ्या बाजूला काही नाही. मी देवाचे आभार मानले, हिल्मरने गोळीचे.

आता कायोटीचं कातडं मोज्यासारखं सोलतात. आधी आतली बाजू बाहेर ठेवून फळीवर ताणायचं, अर्धवट सुकून हाताला चिकटेनासं झालं की लगेच उलटवून केस बाहेर आणायचे. उशीर केला तर कातडं कडक होतं, उलटत नाही. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. हिल्मरलाही कळत होतं. पण केस बाहेर आणले की तो मोहरीएवढा ठिपका झाकला जाणार! मग लोकांना दाखवायचं काय?

रविवारी फळीसकट कातडं चर्चच्या सभागृहात, कॉफीच्या पिंपाशेजारी.

"हिल्मर, वेदीवर ठेवलं नाहीस, उपकार झाले," पाद्रीबाबा म्हणाले.

"हिल्मर, उलटव ना ते आता," आर्डिस म्हणाली.

"अगं, अजून धान्याच्या कोठारावरच्या लोकांनी कुठे पाहिलंय?"

सोमवारी त्यांनी पाहिलं. मंगळवारी पशुवैद्यांनी. बुधवारी दुपारी हिल्मर ते उलटवायला माझ्या स्वयंपाकघरात घेऊन आला, तेव्हा टिचकी मारली की ढोलासारखं वाजत होतं.

"ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेव," मी म्हटलं. "सकाळपर्यंत मऊ पडेल."

"तेवढा वेळ कुणाला आहे, वहिनी!"

सहा वर्षं वेळ होता. त्याने गुडघा टेकवला, दोन्ही हातांनी ओढलं, आणि मानेपासून पार कमरेपर्यंत कातडं टर्रकन फाटलं. एवढं मोठं भोक त्याच्या कुठल्याच गोळीने पाडलं नव्हतं.

तेवढ्यात आर्डिस टपाल वाटून आली. उजव्या गालावर नाण्याएवढा पांढरा डाग. गोठायला लागलं की आधी असंच होतं. तिने गाल तळव्याने दाबून धरला आणि टेबलाकडे पाहिलं.

"तुझा तो ठिपका कुठाय?"

"तो... फाटलं त्यातच गेला."

तिने माझ्या शिवणाच्या डब्यातून पातं काढलं, चार बोटं मोजली आणि कातडीच्या बाजूने पट्टी कापायला लागली.

"अगं, थांब! पुढच्या आठवड्यात मी दुसरा मारतो. धड, सबंध..."

"पुढच्या आठवड्यात तू टपाल वाट," आर्डिस मान वर न करता म्हणाली. "खिडकी उघडी ठेवून. मी कायोटी मारते. जाऊबाई, ही घ्या पट्टी."

मी ती तुरटी-मिठात आठ दिवस कमावली आणि टोपीला शिवली. तोवर टपालाच्या गाडीत हिल्मर बसला. तिने त्याला बसवलंच. तिसऱ्या दिवशी त्याचा कान लाल झाला, तेव्हा पट्टी कधी तयार होणार म्हणून त्याने मला दोनदा फोन केला.

आर्डिसच्या गालावर आता नवी, गुलाबी कातडी आली आहे. हिल्मर सगळ्यांना सांगतो, फाटलं त्यात गोळीचा काही दोष नाही. अगदी खरं. मीही माझ्या प्रार्थनेत गोळीला कधीच दोष दिलेला नाही.