साइट टेंपरेचर तेवीस

श्री. मच्छिंद्र ढाकणे, वय एकेचाळीस, मूळ रहिवास तालुका पाथर्डी, हे दोहा या समुद्रकाठच्या शहराचे हवामान बारमाही सौम्य राखण्याच्या कामी अकरा वर्षांपासून नियुक्त आहेत. कार्यक्षेत्र : तेथील फरीज बिन ओमरान या वस्तीतील एक सातमजली इमारत.

म्हणजे एसी मेकॅनिक. हवा आत गार व्हायची, ती करणारी यंत्रं गच्चीवर तापायची, आणि यंत्रांपाशी मच्छिंद्र.

जुलैत एका सकाळी नऊ वाजता तो त्या यंत्रांमध्येच आडवा झाला. दुपारच्या उन्हात काम करायला सरकारची बंदी आहे, पण नऊ म्हणजे काही दुपार नव्हे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली : उन्हातलं काम बंद, आतली ड्युटी द्यावी. ती घेऊन तो कंपनीच्या ऑफिसात गेला. तिथल्या मृणालिनी मॅडम पुण्याच्या. मराठी माणूस समजून घेईल, अशी त्याची समजूत होती.

मॅडम शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांनी चिठ्ठी बाजूला सारली आणि इमारतीचं रजिस्टर उघडलं.

"हे वाचा."

"साइट टेंपरेचर. तेवीस. तेवीस. चोवीस. तेवीस."

"दीड वर्षाचं आहे. सही कुणाची?"

"माझीच हाय. पण मॅडम, हे लॉबीतलं. सुपरवायझर उमैरभाई म्हनले, लॉबीतला काटा बघून लिवत जा."

"रकान्यात लॉबी लिहिलंय का? साइट लिहिलंय. तेवीस अंशात माणसाला ऊन कसं लागतं हो, ढाकणे?"

"तुमी येकदा गच्चीवर या की. पाचच मिनिटं."

"मला ऊन सोसत नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि निघालाच आहात तर तो एसी जरा कमी करून जा. फार गारठा आहे इथे."

मच्छिंद्रने एसी कमी केला. नजमा भागातल्या आपल्या खोलीवर येईपर्यंत मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. खोलीतल्या हरिदासने सल्ला दिला, "मग खरं लिही की लेका! सही तुझीच ना?"

दुसऱ्या दिवसापासून मच्छिंद्र थर्मामीटर गच्चीवर नेऊ लागला. सेहेचाळीस. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. आठ दिवस ठसठशीत अक्षरात लिहिलं, खाली सही ठोकली. आता पुरावा झाला होता. आतली ड्युटी मिळणार, याबद्दल त्याला शंका उरली नव्हती.

नवव्या दिवशी मेमो आला. इमारत तेवीस अंशांवर ठेवण्याचा मालकाशी करार असताना कर्मचाऱ्याने तापमान अठ्ठेचाळीसपर्यंत जाऊ दिले, हे त्याच्याच सहीने सिद्ध होत आहे.

तो धावत ऑफिसात गेला. मॅडमनी मान वर केली नाही.

"भाडेकरूंना विचारा की!" तो म्हणाला. "कुनी तरी उकडतंय म्हनलं का?"

"तक्रार एकाचीही नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर नोकरी राहिली तुमची. आतली ड्युटी मात्र विसरा. आत तेवीस राखता येत नाही असं तुम्हीच लिहून दिलंय. खलास."

आणि त्यांनी बदलीचा हुकूम पुढे सरकवला. कर्मचाऱ्याची प्रकृती सहानुभूतीने विचारात घेऊन त्यास पश्चिम किनाऱ्यावर दुखान येथे, समुद्राच्या मोकळ्या हवेत, बाहेरील यंत्रांच्या देखभालीसाठी पाठवण्यात येत आहे.

दुखानला त्या दिवशी एकोणपन्नास होते.