आईचे फुकटचे रविवार

बाबा गेल्यावर मी आईला गावाहून, मेडशीहून, पुण्याला आणलं. चार दिवस राहून परत जाईन या बोलीवर ती आली होती. मी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं की आता हिला परत पाठवायचं नाही. त्या घरात ती एकटी पडून असते या विचारानं मला इकडे झोप लागत नसे. ती इथं रमली पाहिजे, एवढंच मला हवं होतं.

पण शहरात रमायला पैसा लागतो असं तिचं ठाम मत, आणि माझा पैसा तिच्यावर खर्च होऊ द्यायचा नाही हा तिचा हट्ट. मग मी फुकटचे रविवार शोधून काढले. शहरात फुकट काय काय मिळतं हे गावाकडून आलेल्या माणसाइतकं कुणालाच ठाऊक नसतं. सकाळी टेकडी, दुपारी एखादं चित्रांचं प्रदर्शन, बागेत कुणाचं तरी गाणं. कुठंही तिकीट नाही.

झालं उलटंच. फुकट म्हटल्यावर आई जास्तच घाबरली. रिसोडच्या बाजारात अडत्यानं पाजलेला चहा प्यायला, की सोयाबीन त्याच्याच काट्यावर, तो देईल त्या भावानं, घालावं लागतं, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. फुकटच्या मागं काहीतरी असतंच. प्रदर्शनाच्या दारात तिनं माझं कोपर घट्ट धरलं.

"कोणी इचारलं तं काय सांगू?"

"कोणी विचारत नाही, आई."

"मंग कायले मांडलं हे सारं?"

तिथल्या वॉचमनला तिनं दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मी चिडले. "अगं, वॉचमन आहे तो, देव नाही!" आत सगळा वेळ ती भिंतीच्या कडेनं चालली. चित्रं पाहिलीच नाहीत, दार पाहत राहिली. मला तिचा राग येत होता, पण खरं सांगायचं तर नवीन असताना अशाच दारांवरून मीही कितीदा परत फिरले होते. आत गेलं की कुणीतरी हटकणार, ही भीती आमच्या अंगातच आहे.

मग मी रोज तिच्याकडून घोकून घेऊ लागले. "इथं बिनधास्त बसायचं. सगळं लोकांसाठीच असतं. कुणी ये म्हटलं तर जायचं." आणि त्याच तोंडानं, "फोन हातात धरून हिंडू नको, हिसकावून नेतात." तिनं फोन माझ्या पर्समध्ये टाकला तो कायमचाच.

एका रविवारी बागेत भजनांचा कार्यक्रम होता. आई आधी खुर्चीच्या टोकाला बसली. मग हळूहळू मागं रेलली, डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. माझं कोपर तिनं कधी सोडलं हे मलाही कळलं नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. जमलं, राहते आता ही, असं वाटलं. कार्यक्रम संपल्यावर मी तिला म्हटलं, "बस इथंच, मी गाडी घेऊन आले."

स्कूटर काढून परत आले तर खुर्ची रिकामी.

आधी वाटलं, नळावर गेली असेल. नळावर नव्हती. संडासाकडे नव्हती, झाडाखाली नव्हती. मी "आई, आई" अशा हाका मारत सुटले, तर चार परक्या बायकांनी वळून पाहिलं. खुर्च्या उचलणाऱ्या माणसानं सांगितलं, "निळं लुगडं ना? त्या आज्या बसमध्ये चढल्या. बायकांची बस होती, गेली की मघाशी."

कुठली बस, कुणाची, कुठं गेली, त्याला काहीच माहीत नव्हतं. आईला माझा पत्ता म्हणजे 'पाण्याच्या टाकीजवळ' एवढाच ठाऊक. या शहरात अशा टाक्या किती! तिचा फोन माझ्याच पर्समध्ये. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी जाणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडक्या पाहू लागले. चार पावलांवर पोलीस चौकी होती, पण तिकडे पाय उचलेना. तिथं गेलं की आई हरवली असं तोंडानं म्हणावं लागलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'बाबा'.

क्षणभर माझं डोकंच चालेना. मग आठवलं. बाबांचा नंबर सगळ्या गावाला पाठ, म्हणून त्यांचं सिम आता काका वापरतात. मीच नाव बदललं नव्हतं.

"पोरी, तुई माय कुठं हाय?" काका ओरडत होते. "आत्ता एका बाईचा फोन आलता. म्हणे आजीले हा एकच नंबर पाठ हाय. तळ्यावर बसून हायेत म्हणे त्या. तू काय करून राह्यली बाप्पा?"

त्यांनी त्या बाईचा नंबर दिला, बाईनं तळं सांगितलं. शहराबाहेरच्या त्या तळ्यापर्यंत स्कूटर कशी हाणली ते आठवत नाही.

आई काठावरच्या दगडावर पाण्यात पाय सोडून बसली होती. हातात चिक्कीचा तुकडा. भोवती सहलीला आलेल्या तिच्याच वयाच्या बायका.

"आली का?" ती हसली. "मी म्हणलं, गाडीवाले मले घरी सोडूनच देतीन."

मला उमगायला वेळ लागला. आमच्याकडे एखाद्या गावात हरिनामाचा सप्ता असला की ते गाव शेजारच्या गावांना ट्रॅक्टर धाडतं, आणि कीर्तन संपल्यावर ज्याला त्याला दारात नेऊन सोडतं. ज्यानं ऐकायला बोलावलं, त्यानंच घरी पोचवायचं. कुणीतरी गर्दीत "चला आजी" म्हणालं आणि आई चढली. शहरात आल्यापासून ती पहिल्यांदाच न घाबरता कुठंतरी गेली होती.

आणि मी तिच्यावर ओरडले. सगळ्यांसमोर, रडत रडत, वाट्टेल ते. तिनं पाय पाण्यातून काढले आणि पदरानं पुसले.

त्यानंतर रविवार बंद झाले. कधी माझं डोकं दुखे, कधी ऊन जास्त असे. तिचा फोन मी तिला परत दिला होता आणि ऑफिसातून सारखा फोन करी. तिनं उचलायला उशीर केला की पुन्हा पुन्हा लावी. ती मात्र विचारायची, "या आयतवारी कुठं जाचं?" मी काहीतरी थाप मारायची.

एक दिवस भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मले मेडशीले पोचवून दे."

"काहून?" माझ्याही तोंडून गावचं निघालं. "भेव वाटते का इथं?"

"मले नाई वाटत आता. पण तळ्यावर तू आली तवा तुयं तोंड पाह्यलं मी. तुये बाबा गेले तवाच तसं पाह्यलं होतं. अन आता रोजच तसं दिसते. मी इथं राह्यली तं तू भेवानंच मरशीन."

थांब म्हणायला हवं होतं. त्याचसाठी तर तिला आणलं होतं. पण तिचं बोलणं ऐकलं आणि मला आधी हायसं वाटलं. ते तिनंही पाहिलं, आणि खाली मान घालून पुन्हा मेथी निवडायला लागली.