गणपती किती दिवसांचा?

आमच्या वकीलबाईंना ‘ताबा’ हा शब्द आवडत नसे. नौपाड्यातल्या त्यांच्या ऑफिसात मी पहिल्यांदा गेले आणि “मला मुलीचा ताबा हवाय” असं म्हणाले, तेव्हा चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, “ताबा फ्लॅटचा घेतात. मुलगी कुठे राहणार, कुणाकडे कधी जाणार, ते बोला.” मला रागच आला. मी भांडायला वकील केला होता आणि ही बाई मलाच शहाणपण शिकवत होती. पण मुलगी कधी उठते, केस कुणाकडून विंचरून घेते, आजारी पडली की कुणाला हाक मारते, असं एकेक विचारत त्यांनी तासभर मला बोलतं ठेवलं. नवऱ्याबद्दल घरून तयार करून नेलेलं भाषण तसंच राहून गेलं.

मी तेव्हा आठ वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी, नौपाड्यातच राहत होते. नवरा आणि सासूबाई डोंबिवलीला, मानपाड्याला. वेगळं व्हायला आम्ही दोघंही तयार होतो. शाळा ठाण्यात म्हणून मुलगी माझ्याकडे, शनिवार-रविवार तिकडे, मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी, हे सगळं फारशी खळखळ न होता ठरलं. घोडं अडलं ते गणपतीवर.

दोन्ही घरी गणपती आणि दोन्ही घरी दीड दिवसाचा. केस चालू असताना एक गणपती येऊन गेला होता. कोर्टाने तेवढ्यापुरतं सांगितलं की चतुर्थीला सकाळी मुलीने आईकडे राहावं, दुपारी वडिलांकडे जावं आणि दुसऱ्या दिवशी परत यावं. कागदावर किती समजूतदार वाटतं! शीळफाट्याच्या ट्रॅफिकने मात्र तो आदेश वाचला नव्हता. पोरगी रिक्षात ओकली, नवा परकर-पोलका खराब झाला आणि मानपाड्याला पोचेपर्यंत आरती होऊन गेली. दुसऱ्या दिवशी धावतपळत परत आली, तर आमचे गणपती निघून गेलेले. चौरंगावर नुसत्या अक्षता आणि दूर्वा. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी मला कुठलाच गणपती नको.” रडली नाही, चिडली नाही. मूर्ती आणायला जाताना घंटा दुसऱ्या कुणाला हातात घेऊ न देणारी ही पोर!

म्हणून मध्यस्थीच्या बैठकीत मी हट्टच धरला, अशी ये-जा पुन्हा नको. वकीलबाईंनी तोडगा लिहूनही आणला. गणेशोत्सवाचे पहिले पाच दिवस मुलगी आईकडे, पुढचे पाच दिवस वडिलांकडे. बाईंच्या घरी गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत असतो, त्यामुळे गणपती म्हणजे दहा दिवस हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. समोरच्या वकिलांनीही लगेच मान डोलावली. त्यांच्याकडेही दहा दिवसांचाच असावा.

नवरा म्हणाला, “मॅडम, नंतर येऊन ती बघणार काय? रिकामा चौरंग? आमचा दीड दिवसाचा असतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे मी विचारायलाच हवं होतं,” त्या म्हणाल्या. मुलगी कधी उठते इथपासून सगळं विचारणाऱ्या बाई नेमकं हेच विसरल्या होत्या.

मग वर्षाआड करावं अशी सूचना आली. नवरा म्हणाला, “आईचं वय बघा जरा.” मी म्हणाले, “माझे बाबा काय तरणेताठे आहेत?” झालं, आवाज चढले. आमचं असंच चालू राहिलं तर पोरगी म्हणाली तेच खरं होणार, हे त्या खोलीत प्रत्येकाला दिसत होतं. तरी माघार कुणी घेईना.

सासूबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी घर सोडल्यापासून त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. भिंतीला धरत त्या आत आल्या आणि वकीलबाईंकडे बघून म्हणाल्या, “यंदापासून आमचा गणपती पाच दिवसांचा. पहिले दोन दिवस मुलीला तिच्या आजोबांकडे राहू दे. तिकडचं विसर्जन झालं, की तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आणा.”

“आई, काय बोलतेयस तू? तुला दीड दिवसाचंच झेपत नाही,” नवरा म्हणाला.

वकीलबाईही चपापल्या. “काकू, एकदा दिवस वाढवले की पुन्हा कमी करत नाहीत असं मानतात ना?”

“मानतात काय, करायचेच नसतात. माझ्यामागे यालाच करायचंय सगळं. करील.”

पाच दिवस पूजा, नैवेद्य, दोन्ही वेळची आरती, आल्यागेल्याचं चहापाणी, आणि गुडघे तर कधीचे गेलेले. शिवाय मूर्ती घरात येताना नात घंटा वाजवणार नाही, हेही त्यांनी मुकाट्याने सोडून दिलं होतं. खरं सांगते, मला आधी रागच आला. सासूबाईंनी मला भांडायला जागाच ठेवली नव्हती. मग एकदम रडू फुटलं, तिथेच, वकिलांसमोर. त्या माझ्याकडे न बघता पुन्हा बाहेर जाऊन बसल्या.

अटी नव्याने लिहिल्या गेल्या. आईने मुलीला तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांच्या इमारतीच्या फाटकाशी सोपवावं, असं त्यात होतं. त्या वर्षी मी तशी सोपवली. लेक आमच्याकडची घंटा पिशवीतून घेऊन आली होती. ती हातात धरून मागे न बघता जिना चढून गेली. मी रिक्षा बघायला वळले, तेवढ्यात वरून हाक आली.

सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. “अगं, निघालीस कुठे? आरती थांबवलीय. आणि वाकून निरांजन लावायला माझ्याच्याने होत नाही.”

अटींप्रमाणे माझी हद्द फाटकापर्यंत होती. मी जिना चढले आणि चपला दाराबाहेर, लेकीच्या चपलांशेजारी काढल्या.